गाडी माझ्या नावावर आहे

शनिवार, ९ ऑगस्ट २०२५

हाजीसाहेब आले होते. पडद्यापलीकडे बसून चहा प्यायले, माझ्या नवऱ्याच्या, युसूफच्या चांगुलपणाबद्दल बराच वेळ बोलले आणि उठता उठता, चपला पायात सरकवताना म्हणाले, "मग गाडीचं काय ठरवलंय?" म्हणजे सगळा चांगुलपणा या एका वाक्यासाठी होता.

पेठेत आमच्या जुन्या मोहल्ल्यातल्या मशिदीचा ट्रस्ट आहे, हे त्याचे अध्यक्ष. गरीब पेशंटना दवाखान्यात न्यायला त्यांना एक गाडी हवी आहे. "मरहूम युसूफभाईंची गाडी खैरातीत गेली तर सवाब थेट त्यांना पोहोचेल. मागच्या काचेवर त्यांचं नाव घालू, मोठ्या अक्षरांत."

"गाडी त्यांची नाही," मी आतून म्हटलं. "माझी आहे."

पलीकडून त्यांनी हसल्यासारखं केलं. मग, "एकच की, बेटी."

एकच नाही. आणि बेटी कशाला? मी एकोणसाठ वर्षांची आहे आणि हे माझ्याहून फार मोठे नाहीत.

मी धायरीच्या मराठी शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. गाडीसाठी कर्ज काढायची वेळ आली तेव्हा बँकेला युसूफचं चष्म्याचं दुकान दिसलं नाही, माझी पगाराची पावती दिसली. हप्ते माझ्या पगारातून गेले, गाडी माझ्या नावावर आली आणि चालवली युसूफनी, म्हणून ती 'युसूफभाईंची गाडी' झाली. इतकी वर्षं मी तक्रार केली नाही. आता करणार आहे.

युसूफ जुलैत गेले. शुक्रवार होता. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ शहाबाज जुम्म्याच्या नमाजाला पेठेत निघाले होते. स्वारगेटच्या सिग्नलला गाडी थांबलेली असताना युसूफचं हृदय बंद पडलं. शहाबाज शेजारी बसले होते. "क्षणात गेले, भाभी. त्यांना काही कळलंसुद्धा नाही," असं त्यांनी मला सांगितलं. तेवढाच एक दिलासा.

तेव्हापासून मी इद्दतीत आहे. सव्वाचार महिने घराबाहेर पडायचं नाही, परपुरुषासमोर यायचं नाही. दीर असला तरी पडद्याआडूनच बोलायचं. शेजारची अस्मिता म्हणाली, "मॅडम, आजकाल कोण पाळतं हो हे?" म्हटलं, मी पाळते. माझी जाऊ जैनब म्हणाली, "गॅलरीत उभ्या राहू नका, खालून दिसतं." म्हटलं, मी राहते. माझ्या नवऱ्याचं दुःख मी माझ्या पद्धतीनं करीन.

गॅलरीतून दिसतं काय, तर गाडीचं छप्पर. दुसऱ्या मजल्यावरून खाली पाहिलं की बरोबर नजरेसमोर ती पांढरी मारुती. मला ती नको आहे. डोळ्यांसमोरसुद्धा नको आहे. पण ती कुठं जाणार, हे मी ठरवणार.

घरी येणारी माणसं पुष्कळ आहेत, पण सगळी मला सांगायला येतात, ऐकायला कुणी येत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. घरात आम्ही दख्खनी बोलतो, लिहिताना मात्र मला मराठीच सुचते.

मंगळवार, १२ ऑगस्ट

बंगळुरूहून नबीलचा फोन. माझा एकुलता एक मुलगा, आणि त्याला सगळ्यावर उपाय माहीत असतात. "अम्मी, विकून टाक. फोटो पाठव, मी ऑनलाइन टाकतो. माणसं येऊन उचलून नेतील, तुला खालीसुद्धा जावं लागणार नाही."

"बघू."

"बघू काय? डेप्रिसिएटिंग ॲसेट आहे ती."

"मीही तीच आहे. मलाही टाक ऑनलाइन."

यावर त्यानं विषय बदलला. मग विचारलं, जेवलीस का. हे आधी विचारता आलं असतं.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

सकाळी सोसायटीत झेंडावंदन झालं. मी गॅलरीतूनच सलाम केला. खाली कुणाला तरी ते खटकलं असावं, दोघांनी वर पाहिलं. बघू देत.

दुपारी शहाबाज आले. वर आले नाहीत, जैनबला किल्ली मागायला पाठवलं. गाडीत काही सामान राहिलंय का, ते बघायचं होतं म्हणे. मी दिली. गॅलरीत येऊन बघते तर त्यांनी डावीकडचं दार उघडलं, आत बसले आणि दार लावून घेतलं. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा हातात काहीच नव्हतं. मान खाली घालून स्कूटरला किक मारली आणि गेले.

गाडीचे कागद डावीकडच्या खणात असतात. तेच चाळत बसले असणार. चला, गाडी कुणाच्या नावावर आहे हे एका माणसाला तरी कळलं.

किल्ली परत आली नाही.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

आजही. जुम्म्याच्या नमाजानंतर तीच वेळ, तेच डावीकडचं दार. काचा वर. एवढ्या कोंदट हवेत बंद गाडीत बसून माणूस काय करत असेल? फोनवर गिऱ्हाइकाशी बोलत असणार. काचा वर असल्या की बाहेर ऐकू जात नाही.

मला वाईट वाटलं. शहाबाज युसूफपेक्षा दहा वर्षांनी धाकटे. दुकानात दोघं शेजारी शेजारी बसायचे, एक नंबर तपासायचा, एक फ्रेम बसवायचा. या माणसाच्या लग्नात मी माझ्या हातानं शेवया केल्या होत्या. भाऊ जाऊन दोन महिने होत नाहीत तोवर याची नजर गाडीवर.

रविवार, २४ ऑगस्ट

सोसायटीच्या गणपतीचा मांडव दरवर्षी आमच्या पार्किंगच्या कोपऱ्यात पडतो. अस्मिताचा नवरा संतोष दाराबाहेरूनच संकोचत विचारायला लागला, मॅडम, गाडी जरा हलवली तर चालेल का. म्हटलं, त्यात विचारायचं काय, दरवर्षी हलते.

पण यंदा हलेना. बॅटरी उतरलेली. शहाबाजना फोन करून बोलावलं, किल्ली त्यांच्याकडे. ढकलायचं ठरलं. संतोष म्हणाला, "काका, तुम्ही स्टेअरिंग धरा, आम्ही ढकलतो." शहाबाज दोन पावलं मागे सरकले, जणू त्यांना विस्तवावर बसायला सांगितलंय. "नाही, नाही. मला येत नाही." शेवटी संतोष बसला आणि शहाबाजनी मागून जीव खाऊन ढकललं.

त्यांना स्कूटरपलीकडे काही येत नाही हे खरं. पण ढकललेल्या गाडीचं स्टेअरिंग धरायला काय यावं लागतं? आपल्याला गाडीत काही रस नाही हे चारचौघांत दाखवायचं होतं, दुसरं काय.

शनिवार, १३ सप्टेंबर

शहाबाजनी नवी बॅटरी बसवली. मला न विचारता. पडद्याआडून विचारलं, "कशासाठी?"

"असंच, भाभी. उभी राहून खराब होते गाडी."

"विकायची म्हटलं तर चालू असावी लागते, हो ना?"

पडद्याखालून मला फक्त त्यांचे पाय दिसत होते. पायांवरून माणसाच्या मनातलं कळत नाही, पण ते जागचे हलले नाहीत, एवढं दिसलं. मग म्हणाले, "येतो," आणि गेले. मी म्हटलं ते वर्मी लागलं असणार.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

आज कहर झाला. दुपारी डोळा लागला होता, खालून धाडकन आवाज आला. गॅलरीत धावले. गाडीचं नाक पार्किंगच्या खांबाला टेकलेलं, आणि आत उजवीकडे, स्टेअरिंगवर, शहाबाज.

मी वरूनच ओरडले. इद्दतीतल्या बाईनं एवढ्या मोठ्यानं ओरडू नये, हे मला माहीत आहे. "कुणाला विचारून चालू केलीत? गाडी माझ्या नावावर आहे!" सगळी बिल्डिंग गॅलऱ्यांत आली. ते उतरले. वर न बघता म्हणाले, "चुकलं, भाभी." बंपरवर हात फिरवला, गाडी तशीच ढकलत मागे घेतली आणि गेले.

संतोष म्हणाला, फार नाही, थोडा रंग उडालाय. मला रंगाचं काही नाही. संताप आला तो त्या दोन शब्दांचा. भांडायचं होतं, आणि ते भांडलेच नाहीत.

किल्ली मात्र परत पाठवली. जैनब देऊन गेली. चेहरा उतरलेला. मी चहा विचारला, ती थांबली नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर

अस्मितानं फराळ आणला. तिच्या हातच्या चकल्या दरवर्षी मऊ पडतात आणि मी दरवर्षी कुरकुरीत झाल्यात म्हणून सांगते. यंदा सांगितलं नाही. ती हसली. "मॅडम, आता बऱ्या दिसताय."

मग म्हणाली, "एक विचारू? हाजीसाहेबांना दान नाही म्हणालात, नबीलला विकायचं नाही म्हणालात, दिराला हात लावू देत नाही. तुम्हाला नक्की करायचंय तरी काय त्या गाडीचं?"

"मला विचारलेलं आवडतं," मी म्हटलं. "तू पहिलीच."

ती गेल्यावर विचार केला. विकली तर कुणीतरी अनोळखी माणूस त्या सीटवर बसून गाणी लावणार. दान दिली तर माझ्या गाडीवर युसूफचं नाव लागणार. आणि नाही दिली तर ती अशीच खाली उभी राहणार आणि मी अशीच वर उभी राहणार. तिन्ही नको आहेत.

हाजीसाहेबांनी फोनवर स्टिकरचा नमुना पाठवलाय. हिरव्या अक्षरांत 'मरहूम युसूफ यांच्या ईसाल-ए-सवाबसाठी', म्हणजे दानाचं पुण्य त्यांना पोहोचावं म्हणून. खाली ट्रस्टचं नाव, अध्यक्षांचं नाव, त्यांचा मोबाइल नंबर. माझं नाव कुठंच नाही. मी उत्तर पाठवलं, 'नमुना सुबक आहे. जपून ठेवा.'

गुरुवार, ३० ऑक्टोबर

जैनब आली होती. तिच्याशी सरळ बोलायचं मी ठरवलंच होतं. कांदा चिरता चिरता म्हटलं, "शहाबाजना गाडी हवी असेल तर त्यांनी मागावी. असं चोरून कशाला?"

तिनं हातातली सुरी खाली ठेवली. "त्यांना? गाडी?"

मग ती रडायला लागली आणि मला आधी वाटलं, कांदा.

रोज पहाटे ते ड्रायव्हिंग क्लासला जातात. जुलैपासून. दोनदा परीक्षेत नापास झाले, हात थरथरतात म्हणून. मास्तर त्यांच्या मुलाच्या वयाचा आहे, तो सगळ्यांसमोर बोलतो, हे ऐकून घेतात. रात्री झोपत नाहीत. "जुम्म्याला तुमच्या गाडीत जाऊन बसतात आणि रडतात, भाभी. दुकानात रडता येत नाही, घरात मुलं. मी किल्ली मागायला आले होते ती त्याचसाठी. किल्ली परत दिली, तेव्हापासून कुठंच रडत नाहीत. ते जास्त वाईट आहे."

मी त्यांचं तोंड जुलैपासून पाहिलेलंच नाही. पडद्याआडून आवाज ऐकला, पडद्याखालून पाय पाहिले, वरून टक्कल पाहिलं. यांपैकी कशातच रडणं दिसत नाही. दिसलं असतं तर मी एवढी मूर्ख ठरले नसते.

तरीही. तोंड उघडून सांगायला काय झालं होतं? मी टोचून बोलले तेव्हा 'भाभी, तुमचं चुकतंय' एवढं म्हणता आलं असतं. या घरातल्या पुरुषांना मुकाट्यानं सोसायची भारी हौस.

पण ठरलं. गाडी शहाबाजना द्यायची. दान नाही, विक्री नाही, माझ्या मर्जीनं, माझ्या दिराला. हाजीसाहेब आणि नबील दोघांनाही राग येईल, हा वरचा फायदा.

सोमवार, १० नोव्हेंबर

इद्दत संपली. जैनब आणि नात्यातल्या बायका आल्या, दुवा झाली, नवा दुपट्टा अंगावर घातला. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आता ही रडणार म्हणून. मी रडले नाही. मी चपला घातल्या, जिना उतरले आणि कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन आले. ऊन डोळ्यांवर आलं. रस्ता होता तसाच खणलेला होता.

येताना गाडीजवळून आले. धुळीत कुणीतरी बोटानं 'मला धुवा' लिहिलं होतं. मी ते पुसलं नाही, आणि आत डोकावलेही नाही. मान वळेना.

बुधवार, १२ नोव्हेंबर

शहाबाज आले. मधे पडदा नव्हता. दाढी पांढरी झालीये, गाल आत गेलेत. मला वाटलं, दारात कुणी दुसराच माणूस उभा आहे. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. "गाडी तुमची. मी तुमच्याबद्दल वाईट विचार केला, त्याची माफी मागते. ती एकदाच मागीन."

त्यांनी किल्लीकडे असं पाहिलं की मीच घाबरले.

"नको, भाभी. मला नको ती." उठून उभे राहिले. "तुम्ही ती मोडीत द्या. मांजरी गावाच्या पुढे एक यार्ड आहे, मी विचारून ठेवलंय. तुकडे करतात. मी स्वतः चालवत नेईन. म्हणून तर शिकलो. परवा लायसन मिळालं."

"चांगली चालती गाडी मोडीत?"

"तिच्यात कुणी बसू नये."

"का?"

त्यांनी किल्ली बोटानं माझ्याकडे सरकवली. म्हणजे मी दुसऱ्यांदा चुकले. पहिल्यांदा वाटलं त्यांना गाडी हवी म्हणून ते वाईट. मग वाटलं त्यांना गाडी हवी, तर देऊन मी चांगली. त्यांना ती माझ्याहून जास्त नकोशी आहे, हे डोक्यातच आलं नाही.

"ठीक आहे," मी म्हटलं. "शुक्रवारी नमाजानंतर जाऊ. मी बरोबर येणार. स्वारगेटवरून."

"बायपासनं जवळ पडतं, भाभी."

"भूगोल मी शिकवायची. स्वारगेटवरून."

मला ती जागा बघायची आहे. सगळ्यांनी मला सांत्वन दिलं, जागा कुणी दाखवली नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सगळं लिहून ठेवते.

मी पुढे बसले, डावीकडे, माझ्या नेहमीच्या जागेवर. शहाबाज स्टेअरिंग दोन्ही हातांनी असं धरून बसले होते, जणू ते कुणी पळवून नेणार आहे. सिंहगड रोडला पुलावरून न जाता खालून घेतली, बसच्या मागे मागे. सारसबाग गेली आणि त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला, नोव्हेंबरात.

स्वारगेटला सिग्नल लाल. थांबलो. हिरवा झाला आणि गाडी एक आचका देऊन बंद पडली.

मागे हॉर्न सुरू झाले. शहाबाजनी किल्लीला हात लावला नाही. समोर बघत म्हणाले, "इथंच."

मला वाटलं, जागा दाखवताहेत.

"क्षणात नाही गेले, भाभी. मी खोटं बोललो तुमच्याशी. भाईजाननी छातीवर हात धरला आणि म्हणाले, 'शहाबाज, बाजूला घे.' मला येत नव्हतं. मागे असेच हॉर्न. एक जण येऊन काचेवर थापा मारून गेला. मी खाली उतरून हात जोडत होतो, लोक वळसा घालून जात होते, त्यांना वाटलं गाडी बंद पडलीय. रिक्षा मिळेपर्यंत भाईजान माझ्याकडे बघत होते. बोलले काही नाहीत. बघत होते. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. दवाखाना किती लांब आहे इथून? एखाद्या पोरालासुद्धा गाडी नेता आली असती."

मला राग आला. खोटं कशाला लिहू? डोळ्यांपुढे अंधारी आली इतका राग आला. सव्वाचार महिने मी 'क्षणात' या शब्दावर डोकं टेकून झोपत होते. वाटलं, दार उघडावं, उतरावं आणि या माणसाचं तोंड पुन्हा बघू नये.

तेवढ्यात एका मोटरसायकलवाल्यानं माझ्या काचेवर थाप मारली. "ओ काकू, घर बांधताय का इथं?"

मी काच खाली केली. "बांधतेय. वास्तुशांतीला बोलावीन. तोवर बाजूनं जा." तो काही पुटपुटत गेला. मागचे हॉर्न थांबले नाहीत, सिग्नल पुन्हा लाल झाला. शहाबाज तसेच बसलेले. या माणसाला या चौकात, या आवाजात, दुसऱ्यांदा एकटं सोडून मी उतरणार होते. आणि कुणावर रागावून? गाडी माझ्या नावावर. हप्ते माझे. चार महिने मी हेच सगळ्यांना ओरडून सांगितलं, आणि अकरा वर्षांत एकदा किल्ली फिरवून पाहिली नाही.

"शहाबाज," मी म्हटलं, "त्या दिवशी या जागेवर मी असते तर मलाही गाडी बाजूला घेता आली नसती. मीही खाली उतरून हातच जोडले असते. मला तुम्ही खुनी म्हटलं असतंत का?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तौबा, भाभी."

"मग स्वतःला म्हणू नका. त्यांना तुम्ही मारलं नाही. आता क्लच दाबा."

त्यांनी दाबला.

"गिअर काढा. किल्ली फिरवा." मला चालवता येत नाही, पण इतकी वर्षं डावीकडे बसून बघितलं आहे. "लोक वाजवू देत. त्यांचे हात, त्यांचे हॉर्न. हिरवा झाला की हळू सोडा."

हिरवा झाला. गाडी थरथरली, पण बंद पडली नाही. आम्ही चौक ओलांडला. पलीकडे गेल्यावर मी रडले. चांगली मोठ्यानं रडले, इद्दतीत राहून गेलेलं सगळं. शहाबाजही रडत होते, पण नजर रस्त्यावर ठेवून. क्लासमधला मास्तर चांगला असावा.

जरा वेळानं म्हणाले, "सरळ मांजरीला घेऊ?"

"नाही. पेठेत, मशिदीकडे."

"भाभी, तुम्ही म्हणाला होतात—"

"मी फक्त ठीक आहे म्हटलं होतं, मोडीत तुम्ही म्हणाला होतात. मोडीत घातली तर त्या चौकात उद्या आणखी कुणीतरी हात जोडत उभं राहील. हिच्यातून दवाखान्यात माणसं जाऊ देत. हाजीसाहेब मागत होते म्हणून देत नाही. मला द्यायची आहे म्हणून देतेय."

वळण आलं तेव्हा ते पेठेकडे वळले.

मशिदीच्या गल्लीत आम्हाला बघून अर्धा मोहल्ला जमला. हाजीसाहेब हसत पुढे आले. त्यांना वाटलं, शेवटी ऐकलं. मी तिथंच, रस्त्यात, सगळ्यांसमोर सांगितलं: पावती माझ्या, मेहजबीन या नावानं फाडायची. पेशंट कुठल्या का जातीचा असेना, फोन आला की गाडी गेली पाहिजे. आणि मागच्या काचेवर कुणाचंही नाव नको. ती काच मागचं बघायला असते.

"बेटी, एवढा हट्ट—"

"मेहजबीनबाई म्हणा. नाहीतर मॅडम म्हणा, सगळी शाळा म्हणायची."

कुणीतरी मागून हसलं. हाजीसाहेबांनी घसा साफ केला. म्हणाले, "बरं, मॅडम." मग शहाबाजकडे वळून, त्याच दमात, "किल्ली द्या. फाटक अरुंद आहे, गाडी मागे घेत न्यावी लागेल. आमचा ड्रायव्हर नेईल आत." त्या जुलैची गोष्ट मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत असणार. सगळे शहाबाजकडे बघत होते, आणि कसं बघत होते ते मला दिसत होतं. ते किल्ली काढून द्यायलाही निघाले होते.

"किल्ली त्यांच्याकडेच राहील," मी म्हटलं. "फाटकाच्या आत जाईपर्यंत गाडी माझी आहे. शहाबाज नेतील."

ते पुन्हा आत बसले. गाडी उलटी सरकायला लागली आणि लगेच गल्लीतल्या प्रत्येक पुरुषाला कंठ फुटला. येऊ द्या, येऊ द्या. अहो थांबा! डावीकडे मारा. डावीकडे नाही, तुमच्या डावीकडे! एकानं तर बॉनेटवर थाप मारली. गाडी थांबली. आरशात मला शहाबाजचे डोळे दिसले, स्वारगेटला होते तसेच.

मी गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि वर्गात काढायची तो आवाज काढला.

"कुणीही बोलायचं नाही. त्यांना येतं."

गल्ली गप्प झाली. खरंच गप्प झाली, भांडी घासणारी बाईसुद्धा थांबली. शहाबाजनी एकदा पुढे घेतली, चाकं सरळ केली आणि मागे सोडली. सावकाश, अगदी सावकाश, दोन्ही बाजूंना हातभर जागा ठेवून, गाडी फाटकातून आत गेली.